जुन्या जीपचा मागचा एक्सल बदलण्यापूर्वी



आपल्या भागात काही घरांच्या अंगणात अजून जुनी जीप उभी दिसते. वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली, पावसाळ्यात शेतात खत आणि बी पोचवणारी, लग्नकार्यात माणसे आणणारी. विकायला मन होत नाही, म्हणून घरचा मुलगा ती पुन्हा उभी करायला घेतो. जुने पेट्रोल इंजिन काढून ताकदीचे डिझेल इंजिन बसवतो, टायर मोठे घालतो. मग एक दिवस चिखलातून गाडी काढताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी जागीच राहते. मागचा शाफ्ट तुटलेला असतो. गॅरेजमधला सल्ला ठरलेला असतो: "दुसऱ्या गाडीचा मजबूत एक्सल टाकू." हा सल्ला कधी बरोबर असतो आणि त्यात काय काय पाहावे लागते, ते या लेखात मांडले आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या जोरदार इंजिनाच्या ‘मसल कार’ बाळगणारे हौशी लोक आजही हेच करतात. तिथे फोर्डचा ‘नऊ इंची’ एक्सल फार मानला जातो. तो १९५७ च्या गाड्यांपासून १९८६ पर्यंत कारखान्यातून येत होता. नऊ इंच हा त्याच्या क्राउन चाकाचा व्यास. त्यातल्या पिनियनला पुढे दोन आणि टोकाला आणखी एक बेअरिंग असते, त्यामुळे जोर आला तरी पिनियन बाजूला सरकत नाही. आपल्याकडे त्या गाड्या नाहीत, पण महिंद्राने विलिसच्या परवान्याने बनवलेल्या जीप आहेत, आणि हिशेब तोच लागू होतो.

जोर किती येतो?

सीजे-३बी जीपचे मूळ २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १५५ न्यूटन-मीटर पीळ देत असे. पहिल्या गिअरमध्ये तो २.८ पट होतो आणि मागच्या क्राउन-पिनियनमध्ये आणखी ५.३८ पट. म्हणजे मागच्या दोन्ही चाकांवर मिळून सुमारे २,३०० न्यूटन-मीटर येतात. आता इंजिन दीडपट ताकदीचे बसवले, तर बाकी काही न बदलताही शाफ्टवरचा जोर दीडपट होतो. टायर मोठा घातला तर चाकाची पकड वाढते. पूर्वी चाक घसरून जो जोर वाया जायचा, तो आता शाफ्टला सोसावा लागतो.

बैलगाडीचा आख आणि जीपचा शाफ्ट

बैलगाडीचा आख फिरत नाही. चाक त्याच्यावर फिरते. आखाचे काम एकच, ओझे पेलणे. ट्रकमध्येही साधारण अशीच व्यवस्था असते. चाकाचा हब दोन बेअरिंगांवर एक्सलच्या बाहेरच्या नळीवर बसतो, ओझे ती नळी पेलते, आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. याला ‘फुल-फ्लोटिंग’ म्हणतात. म्हणूनच ट्रकचा तुटलेला शाफ्ट चाक न काढता, जॅक न लावता बाहेर ओढता येतो.

जुन्या जीपमध्ये मात्र ‘सेमी-फ्लोटिंग’ व्यवस्था आहे. तिथला शाफ्ट चाक फिरवतो आणि ओझेही पेलतो. त्यातच जुन्या शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असते. हब त्या निमुळत्या भागावर नटने आवळून बसवतात, सोबत एक चावी असते. खरी पकड निमुळत्या भागाची असते, चावी फक्त आधाराला. नट थोडा सैल राहिला की सगळा जोर चावीवर येतो, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात चीर पडते आणि ती हळूहळू आत जाते.

मोडलेला तुकडा फेकू नका

शाफ्ट तुटला की त्याचे तोंड नीट पाहा. एका बाजूला गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेघा आणि उरलेला भाग खरखरीत असेल, तर चीर फार दिवसांची होती. अशा वेळी दोष सैल नटचा, खराब बेअरिंगचा किंवा वाकलेल्या नळीचा असू शकतो. ते तसेच ठेवून मजबूत एक्सल घातला तर पैसा जातो, आणि तेच दुखणे नव्या जागी सुरू होऊ शकते. दाते पिळलेले दिसत असतील आणि शाफ्ट दोरीसारखा मुरगळला असेल, तर जोर खरोखर जास्त झाला आहे. तेव्हाच मोठ्या एक्सलचा विचार करावा.

जाडी थोडी वाढली तरी फरक मोठा पडतो. पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्याच पोलादाचा ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३५ मिलिमीटरचा केला, तर तो सुमारे ५९ टक्के जास्त पीळ सोसतो.

बसवताना काय जुळावे लागते

पहिली गोष्ट रुंदी. सीजे-३बीच्या डाव्या आणि उजव्या चाकांतले अंतर सव्वा मीटरला थोडे कमी आहे. रुंद गाडीचा एक्सल घातला की चाके मडगार्डच्या बाहेर येतात.

दुसरी गोष्ट गोळ्याची जागा. जुन्या जीपमध्ये डिफरन्शिअलचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे असतो, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट तिकडूनच बाहेर पडतो. मधोमध गोळा असलेला एक्सल बसवला तर प्रोपेलर शाफ्ट तिरपा चालतो. त्याचा कोन आणि लांबी जुळवली नाही तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. पाट्यांच्या बैठकांचे वेल्डिंगही पिनियनचा कोन ठरवल्यावरच करावे.

तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या एक्सलचे गुणोत्तर. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ ठेवले तर फोर-व्हील लावल्यावर पुढची आणि मागची चाके सुमारे १० टक्के वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात. चिखलात ती घसरून निभावतात. डांबरी रस्त्यावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. मागचे गुणोत्तर बदलले तर पुढचेही बदलावे लागते.

चौथी गोष्ट क्राउन-पिनियनचे बसणे. दात्यांमधली मोकळीक डायल गेजने मोजावी, दात्यांना रंग लावून ठसा पाहावा, आणि आकडे त्या एक्सलच्या पुस्तकातले घ्यावेत. "हाताने बघितलं, ठीक आहे" एवढ्यावर थांबू नये. तेल हायपॉइड गिअरचेच, जीएल-५ दर्जाचे घालावे.

घाटात काय होऊ शकते

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा ब्रेकचा. कलघटगीहून यल्लापूरच्या पुढे अंकोल्याकडे जाताना अरबैल घाट उतरावा लागतो. त्या उतारावर सेमी-फ्लोटिंग शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक ब्रेक-ड्रमसकट निघून जाऊ शकते. पेडल दाबताच त्या बाजूचा व्हील सिलिंडर उघडा पडतो आणि तेल वाहून जाते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन असते, म्हणून पायाचा ब्रेक पूर्ण जातो. हँडब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एक शाफ्ट तुटला की डिफरन्शिअलमुळे दुसऱ्या बाजूचे चाक मोकळे फिरते. पुढची चाके जोडलेली नसतील तर हँडब्रेक ओढूनही गाडी थांबत नाही.

म्हणून खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवा. आधी दोन वेगळ्या लाइनचा मास्टर सिलिंडर, मग एक्सल. एक्सल निवडताना नुसता जाड शाफ्ट न पाहता शक्य तर फुल-फ्लोटिंग हब पाहा. त्यात शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते आणि पायाचा ब्रेक चालतो. मागचे ड्रम मोठे आले तर मास्टर सिलिंडर आणि पुढचे ब्रेक त्यांच्याशी जुळतात का, हे रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात तपासून घ्या.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर हा प्रश्न निघाला तर दुरुस्तीपेक्षा मोठा खर्च अंगावर येतो.

गाडी मूळ इंजिनावर आणि मूळ मापाच्या टायरवर चालत असेल, तर मजबूत एक्सलची बहुधा गरजच नसते. नवी बेअरिंग, नवी चावी, नीट बसलेला निमुळता भाग, पुस्तकातल्या मापाने आवळलेला नट आणि त्यात नवी कॉटर पिन, एवढ्यावर जुना एक्सल पुढची बरीच वर्षे काम देतो. पुढच्या पावसाळ्यापूर्वी निदान मागची दोन्ही चाके उचलून, हाताने हलवून पाहा. चाक खुळखुळत असेल तर त्या दिवशी जीप घरीच राहू द्या.