मोबाईलवरून फिजिओथेरपी : नवशिक्या फिजिओथेरपिस्टला काय यायला हवे?

मार्च २०२० मध्ये मुंबईच्या लोकल बंद झाल्या. सामान्य प्रवाशांसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या १ फेब्रुवारी २०२१ ला, त्याही ठरावीक वेळेत. वसई-विरारहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीला जाणाऱ्यांची वाट तेवढे महिने बंद पडली. गोळ्या घरी आणता येतात, पण लकव्याने लुळा पडलेला हात वेळेवर हलवला नाही तर तो आखडतो. त्या काळात अनेक फिजिओथेरपिस्टनी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून व्यायाम करून घेतले.

साथ गेली, तरी अडचण राहिली. होळीहून मुंबईला जायचे म्हणजे आधी रिक्षा किंवा बस, मग वसई रोडहून लोकल. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. दोन-तीन खेपा होतात आणि व्यायाम सुटतो. म्हणून मोबाईलवरचा उपचार आपल्या वस्त्यांना उपयोगाचा आहे. मात्र समोरच्याला तो देता यायला हवा.

महाराष्ट्रात बी.पी.टी.चा अभ्यासक्रम अनेक वर्षे साडेचार वर्षांचा होता, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. तिथे विद्यार्थी मुख्यतः हाताने शिकतो. स्नायू किती ताठ आहे, सांधा कुठे अडतो, हे तो स्पर्शाने ओळखतो. पडद्यावर हा स्पर्शच नसतो. म्हणून नव्या फिजिओथेरपिस्टची वेगळी तयारी करून घ्यावी लागते.

पहिली तयारी बोलण्याची. 'गुडघा फ्लेक्स करा' म्हटले तर आपल्या आजीला कळणार नाही. 'टाच गादीवरून घासत स्वतःकडे ओढा' म्हटले की कळते. दोन मित्रांनी दोन खोल्यांत बसून, हात न लावता, फक्त शब्दांनी एकमेकांकडून व्यायाम करून घ्यावा. आपले शब्द कुठे तोकडे पडतात ते लगेच समजते.

दुसरी तयारी पाहण्याची. खुर्चीवरून उठताना रुग्ण कोणत्या पायावर भार देतो, हात टेकतो का, दम लागतो का, हे बारकाईने बघावे. दुखणे शून्य ते दहामध्ये किती, हे दर वेळी विचारून लिहून ठेवावे. घरही बघावे. दहा बाय दहाच्या खोलीत चटई कुठे मावेल, मोरीचा उंबरा किती उंच आहे, हे पाहूनच व्यायाम ठरवावा.

तिसरी तयारी सुरक्षेची. कॉल सुरू होताच रुग्णाचा पत्ता आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर घ्यावा. तोल जाणाऱ्या रुग्णाला जवळ कुणी उभे असल्याशिवाय उठवू नये. कुणाला पडद्यावर तपासायचे नाही, हेही नव्या फिजिओथेरपिस्टने शिकायला हवे. नुकतेच ऑपरेशन झालेला, पडून हाड दुखावलेला किंवा नुकताच लकवा मारलेला रुग्ण आधी प्रत्यक्ष तपासला पाहिजे. सुरुवातीचे काही कॉल अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावेत.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती डॉक्टरांसाठी होती. तरी त्यातल्या गोष्टी फिजिओथेरपिस्टनेही पाळाव्यात अशाच आहेत : आपली ओळख सांगणे, रुग्णाची संमती घेणे, नोंद ठेवणे, गुप्तता राखणे. पुढे २०२१ च्या कायद्याने देशपातळीवर फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली.

आता आपण काय करायचे? आधी नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. विचारण्यात संकोच नको, तो आपला हक्क आहे. मोबाईल हातात न धरता डब्याला टेकवून कमरेच्या उंचीवर ठेवा. उजेड समोरून येऊ द्या, डोक्यापासून पायापर्यंत सगळे दिसू द्या. कपडे सैल, पण अंगाची हालचाल दिसेल असे घाला. रुग्ण स्त्री असेल तर घरातली एखादी बाई सोबत बसू द्या. न विचारता कुणी रेकॉर्डिंग करत असेल तर स्पष्ट नकार द्या.

छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर व्यायाम तिथेच थांबवा. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर कॉलची वाट न बघता रुग्णालय गाठा. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, हात गळाला तर १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी फिजिओथेरपी शिकत असेल, तर त्यांना हे जरूर वाचायला द्या. विहारात संध्याकाळी एक कोपरा, एक मोबाईल आणि नेट मिळाले, तर ज्यांच्या घरी जागा नाही त्यांचाही व्यायाम तिथे होऊ शकेल. मध्ये पडदा लावायला मात्र विसरू नका. दुखणे वस्तीतले असले, तरी ते सांगायचे की नाही हे रुग्णानेच ठरवायचे.