ऊन, पाणी आणि हायड्रोजन

वर्धा जिल्ह्यातील वैशाखी उन्हाने तळ्यातील पाण्याची वाफ होते. त्याचे घटक मात्र विलग होत नाहीत. त्यासाठी प्रकाश शोषणारा मध्यस्थ, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, लागतो. टिटॅनियम डायॉक्साइडावर जंबुपार किरण पडले असता त्यातील इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात व मागे धनभारित ‘विवरे’ उरतात. विवरांमुळे पाण्यातून ऑक्सिजन मुक्त होतो. इलेक्ट्रॉनांमुळे हायड्रोजन, म्हणजे ग्रीक व्युत्पत्तीनुसार ‘जलजनक’ वायू. या ऑक्साइडाचे व प्लॅटिनमचे विद्युत् अग्र वापरून फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली हे दाखविले. परंतु सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचा वाटा सुमारे ५ टक्केच असतो. वर्ध्याचे उरलेले ऊन या ऑक्साइडाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून दृश्य प्रकाश शोषणारा आणि तरीही पाण्यात न झिजणारा पदार्थ शोधणे, हाच या संशोधनातील खरा प्रश्न होय.