रामेश्वराची किल्लाभेट

न्यूयॉर्कच्या फोर्ट ट्रायन पार्कातल्या मध्ययुगीन मेळ्याचे फोटो भाच्याने दाखवले. चिलखतातले सरदार, झुली घातलेले घोडे, भाल्यांची झुंज, आणि शेजारी क्लॉयस्टर्स हे संग्रहालय. ते उघडलं १९३८ साली, पण भिंतींत युरोपातल्या जुन्या मठांचे खरे दगड बसवलेत. हौस दांडगी. "आपल्याकडे असलं काही नाही," असं तो म्हणाला, तेव्हा मात्र मी त्याला सांगितलं, कांदळगावचा रामेश्वर किल्ल्यावर निघेल त्या वर्षी कोकणात ये.

दर तीन वर्षांनी हा ग्रामदेव सिंधुदुर्गावर शिवाजी महाराजांच्या भेटीला जातो. गावकरी सांगतात, किल्ला बांधताना महाराजांना दृष्टान्त झाला आणि त्यांनी कांदळगावात स्वयंभू लिंगावर घुमटी उभारली, वड लावला. किल्ल्याचा मुहूर्त झाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी. तीन वर्षांत कुरटे बेटावर तटबंदी उभी राहिली. आतलं शिवराजेश्वर मंदिर मात्र राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. तिथली मूर्ती बिनदाढीची. चित्रांतले महाराज डोळ्यांसमोर ठेवून जाणारा क्षणभर गोंधळतोच.

देव येतो तरंगांच्या रूपाने, पायी. तरंग म्हणजे साड्या गुंडाळलेली उंच काठी. उंच असली तरी ती तोल सांभाळत खांद्याशी धरून चालायची. बारापाच मानकरी, ढोलताशे, मागे अख्खा गाव. मालवणात रांगोळ्या, ओवाळण्या. धक्क्यावर खरी धांदल. होडी भरतीवर हलते आणि तरंग वाकवून आत घ्यायचा असतो. एकदा त्याच वेळी कुणीतरी शहरी मोबाइल उंचावून पुढे घुसला. होडीवाला ओरडला, "आधी देव बसांदे, मगे तुमी येवा!"

पार्कातला सरदार संध्याकाळी चिलखत उतरवून लोकलने घरी जातो, त्यात गैर काही नाही. इथे मात्र पुढे कोण, मागे कोण, हे घराण्यांनुसार ठरलेलं. मानावरून कोर्टाची पायरी चढलेली गावं कोकणात कमी नाहीत. मला ते भांडणही या रिवाजाच्या जिवंतपणाचाच भाग वाटतं. ज्याचं कुणाला काही पडलेलं नाही, त्याच्यासाठी वकील कोण लावतो?

यायचं असेल, तर आधी गावातल्या कुणाला तरी विचारा, कारण ही तारीख कालनिर्णयात मिळत नाही. डोक्याला टोपी हवी, किल्ल्यावर सावली कमी. तहान लागली तर खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आणि होडीत चढायची घाई करू नका.