गनप्ला म्हणजे काय? पहिलं रोबॉट किट जोडण्याआधी हे वाचा

मी पहिलं किट उघडलं तेव्हा जवळ निपर नव्हता. म्हटलं, प्लास्टिकच तर कापायचंय, आणि घेतला घरातला नेलकटर. रोबॉट उभा राहिला खरा, पण खांद्यांवर पांढरे डाग, गुडघ्यावर खड्डा आणि कपाळावरचा अँटेना तुटलेला. चूक किटची नव्हती, माझ्या घाईची होती. तुमचे पैसे असे वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

गनप्ला म्हणजे नेमकं काय?

'गंडम' आणि 'प्लास्टिक मॉडेल' या शब्दांना जोडून जपानी लोकांनी केलेलं छोटं नाव म्हणजे गनप्ला. १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गंडम' ही ॲनिमे मालिका आली आणि १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या रोबॉटचं पहिलं किट बाजारात आणलं. तेव्हा गोंद आणि रंग दोन्ही लागायचे. आता प्लास्टिक साच्यातूनच वेगवेगळ्या रंगांत येतं आणि पार्ट एकमेकांत दाबले की बसतात. त्यामुळे नवख्या माणसालाही घरी बसून जमतं.

कोणतं किट घ्यायचं?

बॉक्सवर ग्रेड आणि स्केल लिहिलेलं असतं. मूळ गंडम कथेत १८ मीटर उंच आहे, त्यावरून साईजचा अंदाज येतो.

- एंट्री ग्रेड (१/१४४): पार्ट हातानेच सुटतात, निपरही लागत नाही.
- हाय ग्रेड, एचजी (१/१४४): साधारण १२ ते १३ सेंटीमीटर. सुरुवातीला हेच घ्या.
- रिअल ग्रेड, आरजी (१/१४४): साईज तीच, पण पार्ट बारीक आणि भरपूर. पहिल्याच वेळी नको.
- मास्टर ग्रेड, एमजी (१/१००): साधारण १८ सेंटीमीटर, आत सांगाडा.
- परफेक्ट ग्रेड, पीजी (१/६०): साधारण ३० सेंटीमीटर. महाग आणि वेळखाऊ.

खरी गंमत कापण्यात आहे

सगळे पार्ट 'रनर' नावाच्या प्लास्टिकच्या चौकटीला बारीक दांड्यांनी चिकटलेले असतात. या दांडीला 'गेट' म्हणतात. एका झटक्यात पार्टला खेटून कापलं, तर प्लास्टिकवर ताण येतो आणि तिथे पांढरा डाग पडतो. गडद रंगावर तो लगेच दिसतो. म्हणून दोनदा कापा:

१. पहिला कट लांबून. पार्टला दोन-तीन मिलिमीटर गेट राहू द्या.
२. निपरची सपाट बाजू पार्टकडे ठेवून उरलेला गेट कापा. किंचित टोक राहिलं तरी चालेल.
३. ते टोक पॉलिश पेपरने घासा. आधी ४०० नंबर, मग ८००, शेवटी १०००.

वायर कापायचा जाड कटर नको. प्लास्टिक मॉडेलसाठीचा पातळ पात्याचा निपर घ्या. माझं म्हणणं सोपं आहे: किट एक पायरी लहान घ्या, पण निपर चांगला घ्या. किट एकदाच जोडता, निपर पुढच्या प्रत्येक किटला कामाला येतो.

मॅन्युअल जपानीत आहे, आता?

घाबरू नका, सगळं चित्रांत असतं. 'ए' रनरवरचा ५ नंबर, 'बी' वरचा १२ नंबर, असं शोधत जायचं. '×२' दिसलं की तो भाग दोनदा बनवायचा. सूचना वाचायचीच असेल तर फोनवर गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा उघडा.

दोन सवयी लावून घ्या. एका पायरीला लागतील तेवढेच पार्ट कापा, नाहीतर कुठला कुठला हे कळत नाही. आणि दाबण्याआधी दिशा पुन्हा तपासा. उलटा बसलेला पार्ट ओढून काढतानाच बारीक खुंट्या मोडतात.

एचजी किट एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आज डोकं आणि धड, उद्या हात, परवा पाय. माझ्या टेबलावर तो तुटक्या अँटेनाचा गंडम अजून उभा आहे. निपर उचलताना घाई झाली की मी त्याच्याकडे एकदा बघतो.