स्विस तटस्थता आणि अडलेला दारूगोळा

एप्रिल २०२२ मध्ये जर्मनीनं युक्रेनला गेपार्ड द्यायचं जाहीर केलं. गेपार्ड म्हणजे रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या जोड विमानवेधी तोफा. गाडी जर्मन, पण तिच्या ३५ मिलिमीटरच्या तोफा मूळ स्विस ओर्लिकॉनच्या. आणि जर्मनीच्या कोठारातली सुमारे १२,४०० काडतुसंही स्वित्झर्लंडमध्ये बनलेली. ती युक्रेनला पाठवायची तर बर्नची परवानगी हवी होती. जर्मनीनं ती मागितली, नकार आला. पुन्हा मागितली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा नकार आला. गेपार्डच्या दोन्ही तोफा मिळून मिनिटाला सुमारे ११०० फैरी झाडतात. एकाच गाडीनं सलग झाडला असता तर हा सगळा साठा बारा मिनिटंही पुरला नसता. प्रत्यक्षात एकेका ड्रोनसाठी थोड्या थोड्या फैरीच झाडल्या जातात, म्हणून एवढासा साठाही मोलाचा होता. त्याच शरद ऋतूत इराणी बनावटीची शाहेद ड्रोन युक्रेनच्या वीजकेंद्रांवर येऊन आदळत होती.

स्विस सरकारच्या नकाराला कायद्याचा आधार होता, हे आधी मान्य करायला हवं. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशानं खासगी कंपन्यांची शस्त्रविक्री रोखलीच पाहिजे असं बंधन नाही. मात्र रोखायची ठरवली, तर लढणाऱ्या दोन्ही पक्षांना सारखाच नियम लावावा लागतो. स्वित्झर्लंडनं त्यापुढे जाऊन १९९६ चा युद्धसाहित्य कायदा केला. परदेशी सरकारला शस्त्रं विकताना 'आमच्या संमतीशिवाय ती पुढे देणार नाही' असं लेखी घ्यायचं आणि युद्धात गुंतलेल्या देशाला माल जाऊ द्यायचा नाही, अशी ही व्यवस्था. रशियाला बंदी, तशी युक्रेनलाही.

हा नियम कागदावर समतोल दिसतो. पण रशिया आपली शस्त्रं स्वतः बनवतो. त्याला स्विस काडतुसांवाचून काहीच अडत नव्हतं. अडलं ते युक्रेनचं. समान बंदीचा फटका समान नसतो, हे आपल्याला १९६५ पासून ठाऊक आहे. त्या युद्धात अमेरिकेनं भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबवली. पण पॅटन रणगाडे आणि सेबर विमानं पाकिस्तानकडे होती, त्यामुळे झळ त्यांना जास्त बसली. तेव्हा ते आपल्या पथ्यावर पडलं, म्हणून त्यातली विषमता नाहीशी होत नाही.

स्विस तटस्थतेचा पूर्वेतिहास तर याहून बोचरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ओर्लिकॉनचे मालक एमिल बुर्ले यांच्या कारखान्यातून २० मिलिमीटरच्या तोफा जर्मनीला आणि इटलीला जात राहिल्या. फ्रान्स पडल्यावर देशाच्या चारही बाजूंना अक्षराष्ट्रं होती, कोळसा आणि धान्य त्यांच्याच वाटेनं येत होतं. हा दबाव खरा होता. पण १९४० ते १९४४ या काळातल्या स्विस शस्त्रनिर्यातीचा ८४ टक्के वाटा अक्षराष्ट्रांकडे गेला, हे पुढे स्विस सरकारनंच नेमलेल्या बेर्जिए आयोगानं नोंदवलं. बुर्ले युद्धातून देशातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ होऊन बाहेर पडले. त्यांच्या चित्रसंग्रहाला झुरिकच्या कलासंग्रहालयात २०२१ मध्ये नवं दालन मिळालं, तेव्हा त्या पैशाचा प्रश्न पुन्हा पेटला.

१९६८ मध्ये याच कंपनीनं खोटे दाखले जोडून नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेसह अनेक देशांना तोफा विकल्याचं उघडकीला आलं. नायजेरियात तेव्हा बियाफ्राचं गृहयुद्ध चालू होतं. लोक संतापले. शस्त्रनिर्यातच बंद करा, असा प्रस्ताव १९७२ मध्ये जनमताला गेला आणि अगदी थोडक्यात, ४९.७ टक्के मतांवर, पडला. आजच्या कडक नियमांची मुळं या संतापात आहेत, म्हणून त्यांची टवाळी करणं मला मान्य नाही. २०२१ मध्येही नागरिकांच्या रेट्यामुळेच संसदेनं नियम आणखी आवळले. ते मे २०२२ मध्ये लागू झाले, तेव्हा युक्रेन युद्धाला दोन महिने उलटून गेले होते.

पुढचं भराभर घडलं. डेन्मार्कला २२ पिराना चिलखती गाड्या युक्रेनला द्यायच्या होत्या, नकार. इटलीत पडून असलेले ९६ जुने लेपर्ड-१ रणगाडे सरकारी मालकीची रुआग कंपनी युक्रेनसाठी विकू पाहत होती, त्यालाही जून २०२३ मध्ये नकार. मात्र स्वतःचे २५ लेपर्ड-२ रणगाडे जर्मनीला परत विकायला मंजुरी मिळाली, ते युक्रेनला जाणार नाहीत या अटीवर. आणि याच सरकारनं रशियावर युरोपीय संघाचे निर्बंध लागू केले होते, २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आक्रमणाच्या निषेधाच्या बाजूनं मतही दिलं होतं. (भारत त्या मतदानात अलिप्त राहिला.)

जर्मनीनं शेवटी दुसरी वाट काढली. राइनमेटालनं उंटरल्यूस इथल्या कारखान्यात त्याच काडतुसांचं उत्पादन सुरू केलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पहिली खेप युक्रेनकडे रवाना झाली. स्विस शस्त्रनिर्यात २०२२ मध्ये ९५.५ कोटी फ्रँक या विक्रमी आकड्यावर होती. त्या वर्षीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता कतार. २०२३ मध्ये ती ७० कोटींच्या आत आली.

युद्धात न उतरण्याचा स्वित्झर्लंडचा हक्क निर्विवाद आहे. पण विकून पैसे घेतलेल्या मालावर वर्षानुवर्षं हक्क सांगायचा, आक्रमक कोण हे जगासमोर मत देऊन सांगायचं आणि तरी ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या बचावाची काडतुसं अडवायची, याला तटस्थता म्हणता येत नाही. आमसभेनं ज्याला आक्रमणाचा बळी ठरवलं, त्याच्या हवाई संरक्षणापुरती तरी पुनर्निर्यातीची मुभा त्या कायद्यात २०२२ मध्येच असायला हवी होती.