छोट्या पेटीतला संगणक : काय गेलं, काय नुसतंच हललं?

आज आपण टेबलावरच्या अगदी छोट्या संगणकाची पेटी उघडून पाहणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे काय काम, असं कुणाला वाटेल. पण अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि पूर्ण वस्तू यांचं नातं काय, हा नैयायिक आणि बौद्ध यांच्यातला जुना वाद. या पेटीत तो पुन्हा भेटतो.

आधी मापं घेऊ. इंटेलने १९९५ साली आणलेला एटीएक्स मदरबोर्ड साधारण ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटरचा. २००१ मध्ये व्हीआयए कंपनीचा मिनी-आयटीएक्स आला, १७ बाय १७. पुढे २०१२-१३च्या सुमारास इंटेलच्याच ‘नक’ मालिकेत बोर्ड १० बाय १०च्या आसपास आला. क्षेत्रफळ सातव्या हिश्शावर! मग बाकीचं गेलं कुठे?

पुष्कळसं गेलेलंच नाही, नुसतं हललं. मोठ्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय आत असतो. नकमध्ये ते काम बाहेरचा १९ व्होल्टचा अॅडॅप्टर करतो. म्हणजे पेटीचा एक अवयव टेबलाखाली गेला. मेमरीची १३ सेंटिमीटरची पट्टी जाऊन लॅपटॉपची पावणेसात सेंटिमीटरची आली. साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या जागी आता २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब एसएसडीची पट्टी बसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड गेलं, त्याचं काम प्रोसेसरच्या पोटातच होऊ लागलं.

उष्णतेला मात्र अशी पळवाट नाही. प्रोसेसरने जेवढी वीज घेतली, जवळजवळ तेवढी उष्णता बाहेर पडणारच. म्हणून पहिल्या नकमध्ये १७ वॅटचा, लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर होता. अनेक छोट्या पेट्यांत तांब्याची बंद नळी असते. तिच्यातल्या द्रवाची गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो, आणि पंखा ती उष्णता बाहेर ढकलतो. झरोके धुळीने बुजले की पंखा ओरडतो आणि प्रोसेसर स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. संगणक ‘म्हातारा झाला’ असं आपण म्हणतो. कित्येकदा त्याचा नुसता श्वास कोंडलेला असतो.

आता मूळ प्रश्न. ‘पेटी लहान, म्हणून भाग बदलता येत नाहीत’ हे आपण सहज मान्य करतो. ते खरं आहे का? अॅपलचा मॅक मिनी पाहा. २०१२च्या यंत्रात रॅम हाताने बदलता येत होती. २०१४ मध्ये ती डाख देऊन कायमची बसवली. २०१८ मध्ये पुन्हा सुटी झाली. २०२० मध्ये एम-१ चिपबरोबर एकाच पुडक्यात गेली. आणि या सगळ्या काळात पेटी तीच: १९.७ सेंटिमीटर चौरस, ३.६ सेंटिमीटर उंच! एम-१मध्ये मेमरी जवळ आल्याने वेग वाढतो, वीज वाचते, हे खरं. पण तो निवडीचा भाग झाला. लहानपणाने ती सक्ती केलेली नाही.

जो सुटा होतो, बदलता येतो, त्यालाच आपण व्यवहारात ‘भाग’ म्हणतो. डाख दिला की भाग उरत नाही, एकसंध वस्तू उरते. मग मेमरी बिघडली तरी अख्खा बोर्डच बदलावा लागतो. तेव्हा घेताना दुकानदाराला दोन गोष्टी जरूर विचारा: रॅम सुटी आहे का? एसएसडी सुटी आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पाच वर्षांनी लागेल तेवढी मेमरी आजच घ्यावी लागेल.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.