कन्स्ट्रक्टरमधला ‘सेल्फ’ नेमका कोण?

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, "कन्स्ट्रक्टरमध्ये हे सेल्फ कशाला लिहिलंय?" मी म्हणालो, "सर, ते लिहावंच लागतं." सर हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. खरं उत्तर मला बरंच नंतर कळलं. ते आज बघूया.

एखादा छापील अर्ज आठवा: "मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की..." मजकूर सगळ्यांना एकच. पण त्यातला ‘मी’ कोण, हे सही करणाऱ्यावरून ठरतं. क्लास म्हणजे तो छापील मजकूर, ऑब्जेक्ट म्हणजे सही करणारा, आणि सेल्फ म्हणजे ‘मी’.

पायथनमध्ये सेल्फ हा राखीव शब्द नाही, ती फक्त प्रथा आहे. शिवाय पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात. म्हणून समजून घेण्यापुरतं आपण सेल्फऐवजी ‘मी’ लिहू. समजा, ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास आहे. त्याच्या कन्स्ट्रक्टरच्या कंसात तीन पॅरामीटर आहेत: मी, नाव, गाव. आत दोन ओळी:

मी.नाव = नाव
मी.गाव = गाव

आता दोन ऑब्जेक्ट बनवू:

पहिला = विद्यार्थी("सीमा", "सातारा")
दुसरा = विद्यार्थी("राजू", "लातूर")

आपण दोनच गोष्टी दिल्या, मग तिसरा ‘मी’ आला कुठून? पायथन आधी एक नवा, रिकामा ऑब्जेक्ट तयार करतो आणि तोच सगळ्यात पुढे ठेवून कन्स्ट्रक्टरला देतो. पहिल्या वेळी ‘मी’ म्हणजे सीमाचा ऑब्जेक्ट, दुसऱ्या वेळी राजूचा.

बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचं ‘नाव’ हे बाहेरून आलेलं आहे. कन्स्ट्रक्टर संपला की तेही संपतं. डावीकडचं ‘मी.नाव’ मात्र ऑब्जेक्टला चिकटून राहतं.

इथे दोन चुका हमखास होतात. कंसातला ‘मी’ विसरलात, तर एरर येतो: हा दोनच आर्ग्युमेंट घेतो, तुम्ही तीन दिलेत. तिसरं कोणतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. दुसरी चूक म्हणजे नुसतं ‘नाव = नाव’ लिहिणं. ऑब्जेक्ट तयार होतो, काही तक्रार येत नाही. पुढे कधीतरी ‘पहिला.नाव’ मागितलं की एरर येतो.

जावामध्ये याच कामासाठी ‘धिस’ आहे, आणि तिथे ही दुसरी चूक जास्त महागात पडते. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये फीच्या पावतीवर नावाच्या जागी ‘नल’ छापून येत होतं. प्रोग्राम व्यवस्थित कंपाइल व्हायचा, चालायचाही. मी दोन दिवस डेटाबेस तपासत बसलो. चूक कन्स्ट्रक्टरमध्ये होती: ‘धिस’ न लावल्यामुळे पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची किंमत देत होता आणि ऑब्जेक्टमधली जागा रिकामीच राहत होती.

एकदा करून बघा: कन्स्ट्रक्टरच्या आत सेल्फ प्रिंट करा, बाहेर तोच ऑब्जेक्ट प्रिंट करा. दोन्हीकडे मेमरीचा पत्ता एकच दिसेल. आणि हो, खऱ्या कोडमध्ये ‘मी’ नको, सेल्फच लिहा. तुमचा कोड उद्या दुसऱ्या कुणालातरी वाचायचा असतो.